डिजिटल ग्रंथालयाच्या मूल्यमापन आराखड्यातली ‘पार्श्वभूमी’ कशी लिहावी

मूल्यमापनाचा आराखडा हाती पडला की खात्यातले अधिकारी आधी खर्चाचा तक्ता उघडतात आणि संस्थेचे पदाधिकारी वेळापत्रक. पार्श्वभूमीकडे माणूस वळतो तो कुठेतरी अडल्यावर. अंकांची संख्या अहवालात एक आणि संकेतस्थळावर दुसरी का? अमुक वर्षानंतर भेटी एकदम का घटल्या? गोवा मुक्तीपूर्व, म्हणजे १९६१ च्या आधीचा, मजकूर शोधात का येत नाही? या प्रश्नांची उत्तरे तिथे जागेवर मिळाली तर तो भाग जमला. म्हणून पार्श्वभूमी गौरविकेसारखी लिहू नये, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखी लिहावी: जागा कोणती, किती, कोणाच्या नावावर, कूळ कोण, लागवड कशाची.

ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी, वाचनालयांचे कार्यकर्ते आणि असे काम पहिल्यांदाच अंगावर आलेले कर्मचारी यांच्यासाठी हे टिपण आहे.

आराखड्यात साधारणपणे प्रस्तावना, पार्श्वभूमी, हेतू, मर्यादा, आराखडा कोणासाठी, कोणते निर्णय त्यावर ठरणार, प्रश्न, पद्धती, नमुना, साधने, वेळापत्रक आणि खर्च असे भाग असतात. पार्श्वभूमी दुसऱ्या क्रमांकावर येते, पण ती लिहायची प्रश्नांचा कच्चा मसुदा झाल्यावर. कोणता प्रश्न विचारणार हे ठाऊक नसले की सगळेच महत्त्वाचे वाटते आणि सहा पाने भरतात. दहा-बारा पानांच्या आराखड्यात दीड ते दोन पाने, म्हणजे सहाशे ते आठशे शब्द पुरेत. तक्ते परिशिष्टात टाका.

आधी कागद, मग वाक्य

पहिले काम टेबलावर बसून लिहिण्याचे नाही, फायली शोधण्याचे आहे. मंजुरीचा आदेश, अनुदानाचा प्रस्ताव, निविदा आणि कार्यादेश, स्कॅनिंग करणाऱ्याने माल सुपूर्द करताना दिलेली यादी, उपयोगिता प्रमाणपत्र, वार्षिक अहवाल, देखभाल करार. जोडीला संग्रहाची दाखल नोंदवही आणि ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली सर्व नोंदींची निर्यात फाइल. ही फाइल हवीच. पडद्यावर ‘एकूण नोंदी’ म्हणून दिसणारा आकडा तिची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात चाचणीसाठी टाकलेल्या, मागे घेतलेल्या आणि दोनदा चढवलेल्या नोंदी मिसळलेल्या असू शकतात.

संकेतस्थळ जुने असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याचा पत्ता टाकून पाहा. मुखपृष्ठावर कोणत्या वर्षी काय जाहीर केले होते, शोधाची चौकट कधी आली, कोणता विभाग गुपचूप गायब झाला हे तिथे तारखेसह सापडण्याचा संभव असतो. कार्यालयात कोणालाच न आठवणारी गोष्ट अशी हाती लागते.

कागद जमले की चार रकान्यांचा एक कालपट करा: तारीख, घटना, पुरावा, शंका. चौथा रकाना वगळू नका. प्रस्तावावर एक तारीख, आदेशावर दुसरी आणि उद्घाटनाच्या कोनशिलेवर तिसरी असे होतेच. मंजुरी कधी मिळाली, काम कधी सुरू झाले, पहिली नोंद लोकांना कधी दिसली आणि उद्घाटन कधी झाले या चार वेगळ्या घटना आहेत. ‘सुरू झाले’ या एका शब्दात त्या कोंबल्या तर पुढे ‘पहिल्या वर्षातला वापर’ नेमका कुठल्या महिन्यापासून मोजायचा यावर बैठकीत अर्धा तास जातो.

हद्द आखा

‘आमचे डिजिटल ग्रंथालय’ म्हणताना ग्रंथपालाच्या डोळ्यांसमोर स्कॅन केलेला संग्रह असतो, अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर संकेतस्थळ, आणि वाचकाच्या लेखी ते म्हणजे वाचनालयाच्या कोपऱ्यातला संगणक. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच काय आत आणि काय बाहेर हे सांगून टाका.

सगळ्यात जास्त घोळ सूचीचा होतो. कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारख्या प्रणालीत ठेवलेली ऑनलाइन सूची पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते सांगते. पुस्तकाचा मजकूर तिच्यातून मिळेलच असे नाही. डीस्पेस किंवा ग्रीनस्टोन या सॉफ्टवेअरवर उभारलेल्या भांडारात मजकूर असतो. दोन्ही एकाच मुखपृष्ठावरून उघडत असली तरी दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, त्यांचे आकडेही वेगळे. विकत घेतलेली ई-नियतकालिके तिसऱ्या खात्यात जातात. यातले कोणते मूल्यमापनात धरले आहे ते नावानिशी लिहा, आणि जे धरलेले नाही तेही लिहा. ‘ऑनलाइन सूची या मूल्यमापनाच्या कक्षेत नाही’ या वाक्याला कोणी हरकत घेत नाही. ते नसले तर अहवाल आल्यावर घेतात.

किती आहे? आधी ‘कशाचे’ ते सांगा

इथे थोडा वेळ द्यावा लागेल. एक साधे उदाहरण घेऊ. दर शनिवारी निघणारे आठ पानी मराठी साप्ताहिक, १९५० ते १९५९ या दहा वर्षांचे. ‘वर्षाचे बावन्न’ या हिशेबाने ५२० अंक होतात, पण कॅलेंडर उघडून शनिवार मोजले तर ५२१ भरतात. (गुरुवारचे असते तर ५२२. एका अंकाचा फरक क्षुल्लक वाटेल, पण ‘एक अंक गहाळ’ असा शेरा याच फरकातून जन्माला येतो.) पाने झाली ४,१६८. स्कॅन करणाऱ्याने महिन्याला एक पीडीएफ बनवली तर फाइली १२०. ग्रंथपालाने शीर्षकाला एकच नोंद केली असेल तर नोंद १. म्हणजे एकाच संग्रहाबद्दल ५२१, ४,१६८, १२० आणि १ हे चारही आकडे खरे. अनुदानाच्या अहवालात पाने सांगतात कारण पैसे पानामागे दिलेले असतात. संकेतस्थळ नोंदी दाखवते. वाचक अंक मागतो. पार्श्वभूमीत प्रत्येक आकड्याला एकक लावा आणि मूल्यमापनात कोणते एकक वापरणार ते एकदा ठरवून टाका. नियतकालिकांसाठी आमची पसंती अंकाला, कारण दाखल नोंदवहीतला तपशील आणि वाचकाची मागणी दोन्ही अंकाच्याच भाषेत असतात.

एकक ठरले की चार पायऱ्या मोजा: निघालेले अंक, आपल्या कपाटात असलेले, स्कॅन झालेले, आणि संकेतस्थळावर उघडणारे. प्रत्येक पायरीवर संख्या घसरते आणि घसरण्याची कारणे वेगवेगळी असतात. पहिल्या दोहोंच्या मध्ये दान, वाळवी आणि पावसाळा. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये कागदाची अवस्था: दमट हवेत एकमेकांना चिकटलेली पाने, कडा गळून पडणारा वृत्तपत्री कागद, बांधणी इतकी घट्ट की आतल्या समासालगतचा मजकूर स्कॅनरला दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये बहुधा राहून गेलेले काम. ही तिसरी घसरण सोमवारी बसून भरून काढता येते, पहिली कधीच नाही. म्हणून ‘८० टक्के डिजिटायझेशन पूर्ण’ असे एकच वाक्य लिहून मोकळे होऊ नका.

‘उघडणारे’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. निर्यात फाइलमधून पन्नास नोंदी निवड न करता उचला, म्हणजे दर दहावी किंवा विसावी अशा ठरावीक अंतराने, आणि प्रत्येक फाइल खरोखर उघडून पाहा. शून्य केबीची फाइल, दुसऱ्याच महिन्याचा अंक, पान तीननंतर थेट पान सहा असे प्रकार निघतील. यातून निघालेला निष्कर्ष पार्श्वभूमीत घालायचा नाही, तो मूल्यमापनाचा भाग आहे. पण आपण लिहीत असलेल्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची ते तुम्हाला कळते.

मूळ स्कॅनबद्दल एक वाक्य हवेच: किती डीपीआय (इंचामागे किती बिंदू), रंगीत की करडे, टिफ (मूळ चित्रांच्या फाइली) राखून ठेवले आहेत का, आणि कुठे. ‘मूळ प्रती सुरक्षित आहेत’ असे कोणी सांगितले तर गुणाकार करा. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे होते. रंगीत आणि न दाबलेली टिफ सुमारे २६ एमबी. ४,१६८ पानांचे १०८ जीबी झाले, आणि वृत्तपत्राचे पान ए-फोरपेक्षा मोठेच असते. कपाटातल्या हार्ड डिस्कवर या संग्रहाचे चार जीबी निघाले तर तिथे मूळ प्रती नाहीत, दाबलेल्या पीडीएफ आहेत. करड्या रंगात स्कॅन केले असेल तर आकार एक तृतीयांश धरा.

भाषा, लिपी आणि शोध

बाहेरचे नमुना आराखडे उचलून गोव्यात वापरले की ते सगळ्यात आधी इथे तोकडे पडतात. आपल्याकडे एकाच कपाटात मराठी, देवनागरी कोकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी असते. जुन्या दप्तरांत मोडी आणि गोयकानडी या जुन्या लिप्याही. ‘संग्रह बहुभाषिक आहे’ हे वाक्य कामाचे नाही. भाषा आणि लिपी यांचा तक्ता करा, आणि प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी: किती अंक, मजकूर ओळख (स्कॅनच्या चित्रातली अक्षरे यंत्राने वाचणे) झाली आहे का, नोंदी कोणत्या लिपीत आहेत.

तक्ता भरताना रोमी कोकणीकडे नीट पाहा. लिपी रोमन दिसली की नोंद करणारा भाषेच्या रकान्यात ‘पोर्तुगीज’ टाकून पुढे जातो. मग तियात्राची, म्हणजे कोकणी नाटकाची, संहिता शोधणाऱ्याला ती कोकणीत सापडत नाही.

मजकूर ओळख, म्हणजे ओसीआर, ‘केली आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोणती भाषा निवडून केली ते विचारा. पोर्तुगीज पाने इंग्रजी निवडून चालवली असतील तर शेपटीचा ‘सी’ आणि नाकातले स्वर यांची वाताहत झालेली असते. देवनागरीत जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरे आणि रफार अडतात. शिवाय मराठीत एक अडचण अशी आहे की तिथे यंत्राने अक्षरे अचूक वाचली तरी शोध फसतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचा अंक ‘गोव्यांत’, ‘केलें’, ‘नाहीं’ असे छापतो. आजचा वाचक ‘गोव्यात’ टाइप करतो आणि शोधयंत्र त्याला रिकाम्या हाताने परत पाठवते. मुक्तीपूर्व मराठी नियतकालिके हाच ज्या संग्रहाचा गाभा, त्याच्या पार्श्वभूमीत हे एक वाक्य नसेल तर पुढे ‘वाचकांना शोध जमत नाही’ असा निष्कर्ष निघेल आणि खापर वाचकावर फुटेल.

गावांची आणि माणसांची नावे हा दुसरा खड्डा. पणजीला १८४३ पासून पोर्तुगीज दप्तरात ‘नोव्हा गोवा’ म्हणत. पांजिम, पांगिम ही रूपे वेगळी. साष्टीचे ‘साल्सेत’, केळशीचे रोमी रूप ‘क्यू’ने सुरू होते. पोर्तुगीज वळणात ‘श’साठी ‘एक्स’ येतो, ‘क’साठी ‘सी’. त्यामुळे आज ‘के’ने लिहिले जाणारे काकोडकर त्या काळच्या कागदात ‘सी’खाली बसलेले असतात. संग्रहात ठरवून दिलेली नामसूची आहे का, म्हणजे एका गावाची सगळी रूपे एकमेकांना जोडली आहेत का, एवढे हो किंवा नाहीमध्ये नोंदवा.

नोंदींची लिपी तपासायची सोपी युक्ती: दहा जुन्या मराठी नोंदींची शीर्षके उचलून फोनवरच्या संदेशात चिकटवा. अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा काला दिसला तर त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप झाल्या आहेत. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथेच त्या वाचता येतात. कार्यालयात सगळे ठीक आणि बाहेर सगळे बिघडलेले असे जे चित्र दिसते, त्याचे मूळ बहुतेकदा इथे असते.

वाचक: ठरवलेले आणि आलेले

प्रस्तावात लिहिलेले वाचक आणि प्रत्यक्षात आलेले वाचक यांचे दोन वेगळे परिच्छेद करा. प्रस्तावात बहुधा ‘विद्यार्थी, संशोधक व सर्वसामान्य जनता’ असते. ते तसेच, अवतरणात द्या. तो दिलेला शब्द आहे आणि मूल्यमापन काही अंशी त्याच्याशीच ताडून पाहायचे आहे. जनगणनेचा आकडा मात्र इथे ओढून आणू नका. २०११ च्या गणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख आहे हे खरे, पण ते तुमचे वाचक नव्हेत. शिवाय गोव्याच्या जुन्या कागदांना वाचक लिस्बन, लंडन आणि आखातातूनही येतो, तो त्या गणनेत नाहीच.

आलेल्या वाचकांबद्दल सर्व्हरची नोंद जे सांगते तेवढेच लिहा, आणि तीन गोष्टी तंत्रज्ञाला विचारून घ्या. एक, सर्व्हरचे घड्याळ कोणते? ते जागतिक वेळेवर असेल तर त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो, आणि रात्री बारा ते साडेपाच या वेळेतल्या भेटी आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतात. दोन, रोबोट, म्हणजे आपोआप पाने चाळणारे प्रोग्राम, वगळले आहेत का? शोधयंत्रांचे आणि अलीकडे एआय कंपन्यांचे क्रॉलर मिळून भेटींचा आकडा कित्येक पटींनी फुगवू शकतात. एखाद्या महिन्यात भेटी अचानक दसपट झाल्या तर आधी आनंद आवरा. तीन, मोजणी मध्येच बदलली का? डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीत, जी २०२१ मध्ये आली, समोरचा सगळा भाग नव्याने बांधला गेला. जुन्यावरून नव्यावर जाताना पत्ते आणि मोजणीची रीत बदलली असेल तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. ती तारीख कालपटात ठळक करा.

स्थानिक दिनमान ठाऊक नसलेल्या वाचकासाठी एक ओळ पुरेल: परीक्षांचे महिने कोणते, चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) दिवसांत वाचनालय किती दिवस बंद असते, पावसात वीज गेल्यावर सर्व्हर आवारातला असल्याने संकेतस्थळही बंद पडते का. नाहीतर पुण्या-मुंबईचा सल्लागार भाद्रपदातला खड्डा पाहून ‘वाचकांचा रस कमी होत आहे’ असे लिहून मोकळा होतो.

यंत्रणा आणि माणसे

हा भाग चार-पाच वाक्यांत आटपा. सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती, सर्व्हर कुठे आहे, राखीव प्रत किती दिवसांनी आणि कुठे, देखभाल कराराची मुदत, मेटाडेटा, म्हणजे प्रत्येक नोंदीतला शीर्षक, लेखक, तारीख असा तपशील, कोणत्या पद्धतीचा (डब्लिन कोअर ही पद्धत असेल तर तिच्या पंधरा घटकांपैकी कोणते प्रत्यक्षात भरले जातात), आणि काम करणारी माणसे किती, कोणत्या पदावर, पूर्णवेळ की इतर काम सांभाळून. यातले शेवटचे अंग चोरून लिहिले जाते. नवीन अंक चढवणारा एकच कर्मचारी आहे आणि तोच देवघेवीच्या खिडकीवरही बसतो, ही माहिती आवृत्तीच्या क्रमांकापेक्षा जास्त काही सांगते.

हक्कांबद्दलही एक वाक्य: कोणता मजकूर सर्वांना खुला, कोणता फक्त आवारात. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. १९५० मध्ये वारलेल्या लेखकाचे लेखन २०११ च्या पहिल्या तारखेपासून मोकळे झाले. यामुळे काही वर्षांचे अंक मुद्दाम बंद ठेवले असतील तर सांगा. नाहीतर ते ‘न चढवलेले’ म्हणून मोजले जातील.

कोणती पातळी

माहितीशास्त्राचे अभ्यासक टेफ्को साराचेविच यांनी २००० साली डिजिटल ग्रंथालयाचे मूल्यमापन सात पातळ्यांवर करता येते असे मांडले. वाचकाच्या बाजूने सामाजिक, संस्थात्मक आणि वैयक्तिक. यंत्रणेच्या बाजूने अभियांत्रिकी, प्रक्रिया आणि आशय. आणि दोहोंच्या मध्ये इंटरफेस. पार्श्वभूमीत हा सिद्धांत समजावत बसायची गरज नाही. उपयोग वेगळाच आहे: तुमचे प्रश्न ज्या दोन-तीन पातळ्यांवर आहेत, त्यांच्यापुरती माहिती या भागात आहे का ते ताडून पाहा. प्रश्न आशयाचे आणि पार्श्वभूमी सगळी सर्व्हरची, अशी विसंगती या तपासणीत चटकन उघडी पडते. सातही पातळ्या धरणारा आराखडा लहान संस्थेने करूच नये. पैसा आणि माणसे दोन्ही पुरत नाहीत.

इतिहासाचे काय?

गोव्यात ग्रंथालयावर लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप १५५६ च्या छापखान्याकडे वळते. मग १६१६ चे ख्रिस्तपुराण, मग १८३२ साली सुरू झालेले आणि आज पणजीत पाटोवर असलेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, आणि दीड पान संपते. हे सगळे खरे आहे, अभिमानाचेही आहे, पण मूल्यमापनाचा एकही प्रश्न त्यावर अवलंबून नसतो. कसोटी सोपी: वाक्य खोडले तर पुढचा कोणता प्रश्न किंवा पद्धत लंगडी पडते? कुठलीच नाही, तर खोडा. संग्रह १९६१ ला का थांबतो, किंवा मधली तीन वर्षे का नाहीत, याचे कारण इतिहासात असेल तर तो इतिहास मात्र ठेवा.

शेजारच्या भांडारांबाबतही तोच न्याय. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे भांडार, शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय भांडारावरचे गोवा विद्यापीठाचे प्रबंध, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय या नावांची यादी देऊन काही साधत नाही. तुमचा वाचक तीच वस्तू तिथून घेऊ शकतो का, किंवा तुमच्या नोंदी तिथे उचलल्या जातात का, एवढ्यापुरते त्यांचे नाव घ्या.

प्रत्यक्ष मसुदा

अशी सुरुवात नेहमी दिसते:

‘गोव्याला ज्ञानपरंपरेचा समृद्ध वारसा लाभला आहे. हा वारसा जतन करण्याच्या उदात्त हेतूने संस्थेने अत्याधुनिक डिजिटल ग्रंथालय उभारले असून हजारो वाचक त्याचा लाभ घेत आहेत.’

यात तपासता येईल असे एकही विधान नाही, आणि ‘लाभ घेत आहेत’ हा तर मूल्यमापनाचा निकालच आधी लावून टाकला. आता हा मसुदा पाहा. आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत:

‘मूल्यमापनाचा विषय वाचनालयाचे नियतकालिक भांडार हा आहे, ऑनलाइन सूची त्यात येत नाही. १९५० ते १९५९ या काळातील एका मराठी साप्ताहिकाचे ५२१ अंक निघाले असावेत असे प्रकाशनाच्या वारावरून दिसते. त्यांपैकी ४८३ वाचनालयाच्या संग्रहात आहेत (दाखल नोंदवही), ४७९ स्कॅन झाले (सुपूर्द यादी) आणि ४७१ संकेतस्थळावर आहेत (३१ मार्चची निर्यात). अंकांचे लेखन १९६२ पूर्वीच्या शुद्धलेखनाचे आहे. मजकूर ओळख मराठी निवडून केली असून तिची तपासणी झालेली नाही. प्रस्तावात अपेक्षित वाचक “गोव्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी” असे नमूद होते. देखभाल करार येत्या डिसेंबरात संपतो; तो वाढवायचा की नव्या यंत्रणेवर जायचे हे समितीला ठरवायचे आहे, म्हणून हे मूल्यमापन हाती घेतले आहे.’

गौरवाचे विशेषण एकही नाही, आणि प्रत्येक आकड्यामागे त्याचा कागद उभा आहे. दोन कागदांत तफावत असेल तर सरासरी काढू नका, दोन्ही लिहा: ‘प्रकल्प अहवालानुसार इतके, निर्यात फाइलनुसार इतके; फरकाचे कारण शोधले जात आहे.’ आधी एखादी पाहणी झाली असेल तर ती कधी, किती जणांची आणि तिच्यावरून काय बदलले तेवढे सांगा. अभिप्राय वहीतल्या तक्रारींना इथे जागा आहे, पण मोजून: ‘डाउनलोड होत नाही’ अशा किती, कोणत्या काळातल्या. ‘अनेक तक्रारी’ हा शब्दप्रयोग दोन्ही बाजूंना चिडवतो.

दाखवा, सही घ्या, गोठवा

मसुदा तिघांना पाठवा: संग्रह सांभाळणारे ग्रंथपाल, सर्व्हर पाहणारा तंत्रज्ञ, आणि ज्यांच्या सहीने पैसे निघतात ते. आठ दिवसांची मुदत द्या. सोबतच्या पत्रात ‘अभिप्राय कळवावा’ असे मोघम लिहू नका, नाहीतर ‘छान झाले आहे’ असे उत्तर येते. ग्रंथपालांना विचारा, चारही पायऱ्यांचे आकडे बरोबर आहेत का. तंत्रज्ञाला विचारा, आवृत्ती, तारखा आणि रोबोटांची बाब बरोबर आहे का. तिसऱ्यांना विचारा, हद्द आणि निर्णय त्यांना मान्य आहेत का. पदाधिकारी बहुधा इथे दोन गौरवाची वाक्ये घालायला सांगतात. ती प्रस्तावनेत घाला, तिथे ती कोणाच्या पायात येत नाहीत.

‘एकच कर्मचारी’ किंवा ‘मूळ प्रती नाहीत’ अशी वाक्ये काढायचा आग्रह झाला तर वाक्य काढू नका, शब्द मवाळ करा आणि पुराव्याचा उल्लेख तसाच ठेवा. तीच माहिती मूल्यमापन संपल्यावर निष्कर्षांत पहिल्यांदा दिसली तर संस्थेला ती आरोपासारखी लागते. सुरुवातीलाच सगळ्यांच्या सहीने नोंदलेली असली तर तिच्यावर वाद होत नाही.

सह्या झाल्या की पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि ‘माहिती अमुक तारखेपर्यंतची’ अशी ओळ टाका. काम चालू असताना अंक चढत राहतील, ४७१ चे ४७९ होतील. मूळ मजकुराला हात लावू नका; बदल तारखेसह परिशिष्टात नोंदवत जा, आणि त्या परिशिष्टाची जबाबदारी कोणाकडे आहे ते पदाच्या नावाने आराखड्यातच लिहून ठेवा.